रा. स., मार्च ८६

सोफिया,
रविवार, ७ सप्टेंबर २०१४

प्रिय लेल्या रायना,

तुझा गुडघा कसा आहे? आई सांगत होती, की तू अंगणात चूल मांडून दोन पोती मिरच्या भाजल्यास आणि सकाळभर उभीच होतीस. जवळ एक स्टूल ठेवायला काय होतं तुला? शेजारी म्हणून आई लक्ष ठेवते, पण तिचंही तू ऐकत नाहीस असं कळलं.

मी बरी आहे. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आणि त्यांना वाईट वाटणार नाही अशा शब्दांत कळवते. शनिवार-रविवार अजूनही जुनी यंत्रं जमवणाऱ्या त्या काकांच्या, चिचो कामेनच्या, तळघरात जातात. तिथे आता एकशे बेचाळीस जुने संगणक आहेत आणि माणसाला उभं राहायला तीन फरश्या. परवा आई फोनवर म्हणाली, "शिकून मोठी हो म्हणून पाठवलं, आणि तू शिकून भंगार गोळा करतेस." मी म्हटलं, निदान आता मला ते भंगार कोणत्या सालचं आहे ते सांगता येतं. ती हसली नाही.

आज आपला फोनचा दिवस. आज फोन न करता लिहायला बसले आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी गेल्या शनिवारची गंमत ऐक. व्रात्साच्या पलीकडे एक शाळा बंद पडली आहे. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं, की कोठीत जुने संगणक आहेत, न्यायचे तर न्या, नाहीतर भंगारवाला सोमवारी येतो आहे. आम्ही गेलो. कोठीत आपल्या कारखान्याची सहा तुंजा-८ एकावर एक रचलेली आणि त्यांच्यावर बटाट्यांची पोती. चिचो कामेननी पोती बाजूला केली, सगळ्यात वरच्या यंत्रावर वाकले आणि नुसता वास घेतला.

"हे भिजलंय," ते म्हणाले.

बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. "वास घेऊन संगणक निवडतात हे आज पाहिलं. कलिंगडासारखं वाजवूनही बघणार का?"

"वाजवलं असतं, पण आतला उंदीर जागा होईल."

बाईंना वाटलं हे गमतीने बोलतात. तिसऱ्या यंत्राचं झाकण काढलं तेव्हा आत खरंच घरटं निघालं, चौथीच्या भूगोलाच्या पुस्तकाचं. बाई म्हणाल्या, "बघा, आमच्या शाळेत कोणीतरी पुस्तक उघडलं होतं."

त्यातल्या एका यंत्राच्या पाठीवर १९८५ ची पाटी होती. ते साल दुर्मिळ आहे, म्हणून तळघरात शिकायला येणारी, माझ्यासोबत आलेली मुलं उड्या मारायला लागली. मी आत पाहिलं, तर एका चिपवर ८७१२, म्हणजे सत्त्याऐंशी सालचा बारावा आठवडा. पाटी दुसऱ्या यंत्राची काढून लावलेली. मी मुलांना समजावलं, की पाटी कुणालाही बदलता येते. यंत्र जुळवणाऱ्या माणसाने आत काय बसवलं ते आधी वाचायचं, आणि यंत्रातला सगळ्यात नवा भाग ज्या सालचा, त्याच्याआधी ते यंत्र जन्मलेलंच नसतं. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि लाज वाटत होती. लाज का ते सांगते. दोन पानं झाली आणि मी अजून उंदरांतच घोटाळते आहे.

हे वाचायला मला तू शिकवलंस. मी अकरा वर्षांची होते. तुझ्या स्वयंपाकघरात शिलाई मशीनच्या खाली, क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं तुझं तुंजा असायचं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायकांनी घरी पडदे आणि खुर्च्या नेल्या, तू ते यंत्र आणलंस. आई संध्याकाळी शिवणकारखान्यातून येईपर्यंत मी 'लेल्या, लेल्या' करत, सख्ख्या मावशीकडे बसावं तशी तुझ्याकडे बसायची. तू झाकण काढून दाखवायचीस, ही इथली डाख मी दिलेली, ही शेजारी बसणाऱ्या कुनाबाईची, तिचा हात जड होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की यंत्र माणसांनी केलेलं असतं आणि कुणाचा हात कुठे पडला ते ओळखता येतं.

बाबा मला सोफियाला पाठवायला तयार नव्हते, ते तुला आठवतं? "शिवणकारखान्यात जागा आहे, आईची ओळख आहे, आणखी काय हवं?" तू चीजच्या बानित्साचं ताट घेऊन आलीस, न विचारता खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "मेतोदी, तुझ्या मुलीने अकराव्या वर्षी माझ्या यंत्रातला बिघाड शोधला. तू आपल्या ट्रकमधला शोधून दाखव, मग आपण तिच्या शिक्षणाबद्दल बोलू." ट्रक तीन आठवडे दारात उभा होता. बाबा आधी लाल झाले आणि मग हसले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्या पदवीच्या कागदावर तुझंही नाव असायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

आणि मला वाटतं, की सगळं इथूनच बिघडलं. मला तुझं नाव कशावर तरी लिहायचंच होतं.

यंदा ईस्टरला तू मला ते यंत्र दिलंस. "ने. शिलाई मशीनखाली मला भोपळे ठेवायचे आहेत." मी उचलत असताना म्हणालीस, "कागद चिकटवलेली एक चिप आहे, ती जप. ती माझी तपासणी आहे."

"तुझी म्हणजे?"

"माझी म्हणजे मी लिहिलेली."

मग तू सांगितलंस. वाळत घातलेले कपडे पावसात भिजले हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात. कारखान्यात तयार यंत्र एकेक कळ दाबून तपासायला चाळीस मिनिटं लागत. तू डाख देणारी, तपासणी तुझं काम नव्हतं. एक अख्खा हिवाळा तू जेवणाच्या सुटीत माहितीपुस्तक वाचलंस, प्रोग्रॅम लिहिलास, प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या मुलीकडून तो चिपमध्ये भरून घेतलास, आणि तपासणी सहा मिनिटांवर आली. सप्टेंबरमध्ये फलकावर सुधारणेचं बक्षीस लागलं, तपासणी विभागाच्या इंजिनिअरच्या नावावर. "त्याला इंजिनिअर म्हणून काहीतरी दाखवावं लागत होतं," तू म्हणालीस. बस्स, एवढंच.

मी ते एवढ्यावर सोडू शकले नाही. ऑक्टोबरमध्ये आमचं प्रदर्शन आहे, वाचनालयाने आम्हाला दोन खोल्या दिल्या आहेत. मी ठरवलं, की तुझं यंत्र मधोमध ठेवायचं आणि खाली तुझं नाव लिहायचं. चिपच्या कागदावर तुझ्या अक्षरात 'रा. स., मार्च ८६' आहेच. पण कागद कुणी कधीही चिकटवू शकतं. आतल्या प्रोग्रॅमच्या शेवटी तुझं नाव येतं असं तू ईस्टरलाच म्हणाली होतीस. तो पुरावा होता. शिवाय कागदाखाली चिपचा स्वतःचा आठवडा छापलेला असणार.

लेल्या, आता मी ते लिहिते.

१८ जुलैला, शुक्रवारी, मी घरी, माझ्या गच्चीवर यंत्र साफ करत होते. झाकण पिवळं पडलं होतं, म्हणून त्याला केसांची पेरॉक्साइड क्रीम फासून, वर प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवलं. बोर्ड धुतला. ड्रायरने कागद गरम करून हलकेच सोडवला. खाली ८६०७. शहाऐंशीचा सातवा आठवडा! मी एकटीच गच्चीवर नाचले. कागदाखाली चिपची ती छोटी गोल काच होती. त्या काचेतून ऊन आत गेलं की चिप पुसली जाते, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना मीच ते पहिल्या दिवशी शिकवते. आधी नक्कल करा, मग साफ करा, हेही मीच शिकवते. पण नक्कल करायचं उपकरण तळघरात होतं आणि मला शनिवारपर्यंत दम निघाला नाही. काळी चिकटपट्टी आणते, तोवर बोर्ड वाळू दे, असं म्हणून मी तो झाकणाशेजारी ठेवला आणि आत गेले. ऑफिसचा फोन आला. सहकारी आजारी आहे, संध्याकाळच्या बसने प्लॉवदिवला जा. मी बॅग भरली आणि गेले.

नऊ दिवस. एक थेंबही पाऊस पडला नाही. मी तिथे रोज आकाशाकडे बघून आभार मानत होते, की माझं झाकण भिजत नाही.

परत आले तर झाकण मीठ घातलेल्या चीजसारखं पांढरंशुभ्र. आणि चिप पुसलेली, कोरी: एफएफ, एफएफ, एफएफ. दोन हजार अठ्ठेचाळीस वेळा. मी शेवटपर्यंत वाचलं. मध्ये कुठेतरी एखादं अक्षर उरलं असेल असं वाटत होतं.

त्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "माझी तपासणी चालली का?" मी म्हटलं, अजून तिथपर्यंत पोचलो नाही. पुढच्या रविवारीही तेच. सहा रविवार.

एवढंच असतं तर मी ते फोनवरही सांगू शकले असते. यापुढचं सांगता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये मी बसून तुझा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. लहानपणी तू तपासणी कशी दिसायची ते सांगितलं होतंस, ती कुणी लिहिली ते नाही; त्या आठवणीवरून. आधी पडदा ताऱ्यांनी भरतो, मग एकेक कळ, शेवटी तीनदा घंटा आणि तुझं नाव. त्या काळातलीच एक कोरी चिप शोधली, त्यात तो भरला आणि तुझा कागद वर परत चिकटवला. खोट्या पाट्या ओळखणारी मी. मीच ते केलं. यंत्र सुरू केलं तेव्हा चिचो कामेननी टोपी काढली. म्हणाले, "रायनाबाईंना बोलवा. पहिल्या रांगेत बसवू."

प्रदर्शन १८ ऑक्टोबरला आहे. चिचो कामेनना मी अजून काही सांगितलेलं नाही. वस्तू तुझी होती, म्हणून आधी तुला.

माफ कर असं लिहिलं होतं, मग खोडलं. ते मागण्याआधी मला बरंच काही करावं लागेल असं दिसतं. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजेन. स्टूल मात्र घे.

इथे 'तुझी' लिहावं की नाही, हे ठरवता येत नाही म्हणून नुसतीच,
नेवेना

---

सोफिया,
रविवार, १९ ऑक्टोबर २०१४

लाडक्या लेल्या रायना,

काल उद्घाटन झालं. आई सकाळच्या बसने निघाली, तेव्हा हे पत्र पोचायच्या आत तिने तुला सगळं सांगितलेलं असेल, आणि उलटसुलट सांगितलेलं असेल. म्हणून खरं काय झालं ते लिहिते. तू आली नाहीस याचं कारण फोनवर दिलंस, "मी आले तर लोक मला बघतील, कार्ड कोण वाचणार?" तेव्हा कार्ड लोकांनी कसं वाचलं ते तुला कळायलाच हवं.

पण आधीचं थोडं. माझं पत्र मिळाल्यावर तू दोन रविवार फोन उचलला नाहीस. मी रिंग मोजायचे आणि ठेवून द्यायचे. मग तुझा लिफाफा आला. आत पत्र नव्हतं. कारखान्याची एक पिवळी छापील चिठ्ठी होती, कोरी. काय नासलं. केव्हा. कुणाच्या हातून. सही. मागे तुझं अक्षर: 'ही भोंगा व्हायच्या आत भरायची असे. तुला सहा आठवडे उशीर झाला आहे. भर.'

त्या संध्याकाळी तू फोन उचललास. चिपबद्दल एक शब्दही बोलली नाहीस. तू म्हणालीस, "आमच्या टेबलावर बारा बायका होत्या आणि रोज कुणाचं ना कुणाचं काही नासायचं. चिठ्ठी भरून बोर्डाला बांधली, की त्या बाईला कुणी काही विचारत नसे. तो नियम आमचा आम्ही केला होता. पण न बांधता पुढे सरकवलेला बोर्ड पुढच्या बाईच्या गळ्यात पडायचा. तू सहा रविवार मला तसला बोर्ड सरकवत होतीस." मग तू एकदम विचारलंस, "आणि काय गं, ते तारे कुठून आणलेस?"

"तूच सांगितलं होतंस. पडदा ताऱ्यांनी भरतो."

"अगं बाई, तू अकरा वर्षांची होतीस आणि जांभया देत होतीस! पडद्यावर आडव्या रेघा यायच्या, झालं. आपल्या कारखान्यातली एक जरी बाई तिथे आली असती ना, तर म्हणाली असती, रायना म्हातारपणी नटायला लागली वाटतं."

आणि तू हसलीस. मी इकडे रडत होते, पण तू हसलीस ते मला नीट ऐकू आलं. त्या हसण्याच्या जोरावर मी मंगळवारी तळघरात गेले.

चिचो कामेन दात घासायच्या ब्रशने कीबोर्ड घासत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते घासायचे थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "रायनाबाईंची चिप कुठे आहे?"

"कोणती?"

"बघ. आता तुला 'कोणती' विचारावं लागतं."

मी दोन्ही चिपा त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी माझ्या प्रोग्रॅमची चिप दोन बोटांत धरली, तिच्यावरचा तुझा कागद नखाने सोडवून तुझ्या रिकाम्या चिपवर लावला, आणि माझी चिप मला परत दिली. "ही उन्हात ठेव. ते तुला जमतं." मग माझ्या खणातून पेचकसांची पेटी काढून त्यांनी आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "नाताळपर्यंत तू पुसायचं. उघडायचं नाही."

मी मान्य केलं. ते योग्यच होतं. पण नंतर ते जे म्हणाले ते मला मान्य नव्हतं. ते म्हणाले, की रायनाबाईंचं नाव आता कार्डावर येणार नाही. "मला तुझं पटतं. त्यांनीच लिहिलं असेल. पण जे दाखवता येत नाही ते मी लिहीत नाही. आज तुझ्या मावशीसाठी लिहिलं, तर उद्या जो येईल तो आपल्या आजोबांनी संगणक शोधला म्हणेल."

म्हणजे तुझं नाव मी दुसऱ्यांदा पुसलं होतं. पहिल्यांदा उन्हाने, दुसऱ्यांदा खोटेपणाने.

तुझी चिठ्ठी माझ्या पिशवीत होती, अजून कोरी. मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तिथेच भरली. काय नासलं: रायना स्तोएवा यांनी लिहिलेला तपासणीचा प्रोग्रॅम, एकमेव प्रत. केव्हा: १८ ते २७ जुलै २०१४. कुणाच्या हातून: नेवेना कोलारोवा. सही केली. म्हटलं, "ही दाखवता येते."

त्यांनी चष्मा बदलून ती दोनदा वाचली. "तुला कळतंय ना? याचे फोटो काढून लोक जगभर पाठवतील. जुनी यंत्रं जमवणारा माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण चिप उन्हात ठेवणाऱ्या मुलीचं नाव विसरणार नाही. उद्या दुसऱ्या कुणाच्या संग्रहात गेलीस, तर तुला दारातच थांबवतील."

"पण खरं आहे ते."

त्यांनी चिठ्ठी टेबलावर सरळ करून ठेवली. म्हणाले, "तर मग ठळक छापू. बारीक अक्षरांतली चूक लपवल्यासारखी दिसते."

कार्ड असं आहे: 'तुंजा-८. तपासणीचा प्रोग्रॅम: रायना स्तोएवा, डाख विभाग, मार्च १९८६. मूळ प्रत जुलै २०१४ मध्ये नेवेना कोलारोवा हिच्या हातून नष्ट झाली.' त्याच्या शेजारी काचेखाली ती पिवळी चिठ्ठी, आणि तुझी रिकामी चिप, कागदासकट.

काल साठेक माणसं आली असतील. मी कोपऱ्यात, हातात फडकं घेऊन, कारण तेवढंच करायची परवानगी आहे. बहुतेक लोक कार्ड वाचायचे, भुवया उंचावायचे, आणि मग 'ही कोण' म्हणून इकडेतिकडे बघायचे. एका मुलाने मला सांगितलं, "त्या बाईने चिप उन्हात ठेवली हो, कल्पना करा!" मी म्हटलं, करते.

मग टाय लावलेले एक वयस्कर गृहस्थ आले. कार्ड वाचून चिचो कामेनना म्हणाले, "मी कारखान्यात नकाशे काढायला होतो. हे काम तपासणीच्या इंजिनिअरचं. बक्षीसही त्यालाच मिळालं होतं. या बाईने लिहिलं याला पुरावा काय?"

मी मनात म्हटलं, आता चिचो कामेन म्हणणार, पुरावा नाही.

ते म्हणाले, "पुरावा तिथे कोपऱ्यात फडकं घेऊन उभा आहे. साहेब, जी गोष्ट कधी नव्हतीच, ती आपल्या हातून नासली असं लिहून कुणी स्वतःचं नाव भिंतीवर लावेल का? या वयाची, एवढी शिकलेली मुलगी?"

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा चिठ्ठीवर वाकले. त्या चिठ्ठ्या त्यांना ओळखीच्या असणार. बराच वेळ त्यांनी काचेवर बोट टेकवून ठेवलं होतं. मग म्हणाले, "स्तोएवा म्हणजे खिडकीजवळची? लाल रुमालाची?"

मला तुझा लाल रुमाल माहीत नाही, लेल्या. मी नुसती मान हलवली.

"त्या वर्षी वसंतात यंत्रं एकदम भराभर बाहेर यायला लागली होती," ते म्हणाले. "आम्हाला वाटायचं, इंजिनिअर कडक झाला." आणि मग, "पण तो तर उन्हाळ्यात बदलून आला होता."

एवढं बोलून त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली आणि कार्डावरून तुझं नाव उतरवून घेतलं. आडनावातलं एकेक अक्षर तपासून. चिचो कामेननी माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाले, "ते डावीकडचं यंत्र नीट पुसलेलं नाही." त्यांच्या तोंडून एवढं प्रेमाचं वाक्य मी गेल्या महिन्याभरात ऐकलं नव्हतं.

आता आईचं. तिने कार्डाचे अकरा फोटो काढले. मी म्हटलं, "आई, खाली काय लिहिलंय ते तरी वाच."

"वाचलं. आपल्या घरातलं नाव पहिल्यांदाच कुठेतरी छापून आलंय."

"अगं, मी काय नासवलं ते छापलंय!"

"नासलं ते नासलं. नाव ठळक आहे ना? आणि रायनाच्या खाली आहे. शोभतं." मग तिने बाबांना फोन लावून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, दोन्ही खोल्यांना ऐकू जाईल असं. बाबा काय म्हणाले असतील? म्हणाले, "रायनाला सांग, ट्रक आता नीट चालतो."

लेल्या, मला तुझे आभार मानायचे आहेत, आणि मला ते नीट मानायचे आहेत. यंत्र उघडून वाचायला शिकवलंस, बाबांना गप्प केलंस, त्या सगळ्यासाठी मी ईस्टरला आणि नाताळला आभार मानत आलेच आहे. हे वेगळे आहेत. माझं ते पत्र वाचून तू मला सहज माफ करून टाकू शकली असतीस. तू मायाळू आहेस, तुला ते कठीण नव्हतं. मग मी डोळे पुसून घरी गेले असते, आणि पुढच्या वेळी काही नासलं असतं तर पुन्हा कुणाची तरी माया शोधत हिंडले असते. तू मला भरायला चिठ्ठी पाठवलीस. जी टेबलावर कामाला असते तिलाच ती चिठ्ठी देतात, बाहेरून बघायला आलेल्यांना नाही. इतक्या वर्षांत मला मिळालेल्या सगळ्या कागदांत, पदवीच्या कागदासकट, मला तो एक कागद सगळ्यात मोठा वाटतो.

तुझा प्रोग्रॅम मात्र गेला. तो परत येणार नाही, आणि हे मी कशानेही भरून काढू शकत नाही. रेघा कशा यायच्या, कुठली कळ आधी, घंटा होती की तीही माझ्यासाठीच बनवलेली, हे आता फक्त तुझ्याकडे आहे. येत्या रविवारपासून फोनवर मला ते थोडं थोडं सांगशील का? मी लिहून घेईन. नवीन चिपमध्ये भरायला नाही. वर 'रायना स्तोएवा यांच्या आठवणीप्रमाणे' असं लिहीन आणि तारीख आजची घालीन.

गुडघ्याचं काय झालं ते आईने सांगितलं नाही, म्हणजे तू तिला सांगू दिलं नसणार. तू स्वतः कळव.

कार्डावर, आणि इथेही, तुझ्या नावाच्या खाली,
तुझी
नेवेना